दोन्ही चिठ्ठ्या तुमच्याच अक्षरातल्या

ताई, नमस्कार.

वय 43, राहणार सिडको. अंबडच्या एका कारखान्यात 14 वर्षं टूलरूमला (साचे बनवतात तो विभाग) डाय फिटर, म्हणजे साचे जुळवणारा कामगार, आहे. आहे म्हणजे या महिनाअखेरपर्यंत. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास चाकणहून बोलावणं आलं होतं, पगार नऊ हजारांनी जास्त. चार रात्री झोप नाही. शेवटी देव्हाऱ्यासमोर दोन चिठ्ठ्या टाकल्या, 'जा' आणि 'थांब', आणि मुलीला एक उचलायला सांगितली. 'थांब' निघाली. मी चाकणला नकार कळवला. त्यानंतर आठ महिन्यांत आमच्या मालकांनी टूलरूमच बंद करून काम बाहेर द्यायचं ठरवलं. आम्हा अकरा जणांच्या हातात 'स्वखुशीने राजीनामा' असा छापील कागद दिलाय.

मी देवाधर्माचं करणारा माणूस आहे. तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी 18 वर्षांत चुकवली नाही. मग देवाने मला थांबवलं कशाला? आता अंबडमधलंच एक छोटं वर्कशॉप 25 हजारांवर बोलावतंय (आज 34 मिळतात). मेव्हणा म्हणतो, मिळेल तो पैसा घालून गंगापूर रोडला मिसळीचं हॉटेल काढू. एक मित्र म्हणतो, आधी त्र्यंबकला नारायण नागबळी करून घे, घराण्यात दोष असेल. पुन्हा चिठ्ठ्या टाकायची भीती वाटते आणि न टाकता ठरवायचीही वाटते. देवाने दाखवलेली वाट ओळखायची कशी? हल्ली सकाळी दिवा लावताना राग येतो. मुलगी दहावीला आहे, परवा विचारत होती, 'पप्पा, मी चुकीची चिठ्ठी उचलली का?'

– एक वाचक, सिडको, नाशिक

भाऊ,

तुम्ही मला तीन-चार मोठे प्रश्न विचारलेत आणि शेवटचं वाक्य जाता जाता लिहून टाकलंय. मी तिथेच अडकले. नोकरी, हॉटेल, नागबळी यांचं बघू सावकाश. आधी पोरीचं बघा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात आज असं बसलंय की तिच्या दोन बोटांनी बापाची नोकरी घालवली. ती बोलून दाखवते आहे हे तुमचं नशीब. पुष्कळ मुलं बोलत नाहीत आणि वीस वर्षांनी भलत्याच ठिकाणी ते बाहेर येतं.

तिला काय सांगायचं? 'नाही गं, असं काही नसतं' एवढ्याने भागणार नाही. देव चिठ्ठीतून बोलतो हे तुम्हीच तिला समोर बसवून शिकवलंय. तिला खरं ते सांगा. दोन्ही चिठ्ठ्या पप्पांनीच लिहिल्या होत्या. शब्द पप्पांचे, अक्षर पप्पांचं, वहीचा कागदही पप्पांनीच फाडलेला. देवाला विचारतोय असं म्हणत पप्पांनी देवाला दोनच पर्याय दिले आणि त्यातलाच एक निवड म्हणून सांगितलं. 'चाकणला जाऊन आधी तो कारखाना बघून ये' अशी चिठ्ठी नव्हती. 'आपल्या मालकांना विचार, टूलरूमचं पुढे काय' अशीही नव्हती. सहा महिने थांबून वायरकट (तारेने धातू कापायचं मशिन) शिकून घे, मग जा, हेही कुणी लिहिलं नव्हतं. आणि खरं कारण तर सगळ्यात शेवटी सांगायचं: पप्पांना ठरवायची भीती वाटली, म्हणून ते ओझं पप्पांनी तुझ्या हातात दिलं. चूक झाली असेल तर ती तेवढीच, आणि ती पप्पांची.

जड जाईल बोलायला. पण मुलीपुढे बापाने एकदा 'माझं चुकलं' म्हटल्याने बाप लहान झालेला मी तरी पाहिला नाही.

चिठ्ठ्या टाकल्या म्हणून मी तुम्हाला हसतेय असं समजू नका. मी कुठल्या तोंडाने हसू? सातपूरच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी-पगाराच्या कचेरीत, मी 27 वर्षं काढली. 1996 साली आमच्याकडे टाळेबंदी झाली, आठ महिने गेट बंद. त्यातल्या चौथ्या महिन्यात एका शाळेच्या कचेरीत निम्म्या पगाराची जागा मिळत होती. घ्यावी की गेट उघडायची वाट पाहावी? सीबीएसवर, आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उभी राहून मी देवाला सांगितलं, पुढची गाडी सातपूरची आली तर वाट बघते, नाशिकरोडची आली तर शाळेत जाते. आली ती डेपोत निघालेली रिकामी गाडी. कंडक्टरने माझ्याकडे बघून हात हलवला, नाही म्हणून. आता त्याचा काय अर्थ लावायचा? मी तिथेच हसत सुटले. शेजारची बाई जरा लांब सरकली. त्या दिवशी घरी आले, सासूबाईंशी बोलले, वाण्याची उधारी मांडली आणि शाळेची नोकरी धरली. चार महिन्यांनी गेट उघडलं तेव्हा परत गेले. शाळेतले ते चार महिने फुकट गेले म्हणाल तर गेले, पण टायपिंगचा हात मी तिथेच बसवला. त्यावर पुढे कारखान्यात मला बढती मिळाली. हे तेव्हा दिसत होतं का? काडीचंही नाही.

'देवाने दाखवलेली वाट ओळखायची कशी' याचं उत्तर मला कुणा शास्त्रीबुवांनी दिलेलं नाही. ते तुमच्याच टूलरूममधून आलं. आमचे हे टूलरूमला फोरमन होते. लग्नानंतर जेवायला बसले की त्यांची बोटं निळी दिसायची. साबणाने दोन-दोनदा हात धुतले तरी निळीच. पहिले काही दिवस मला वाटलं, शाईच्या कारखान्यात तर नाहीत ना हे! मग एकदा खंडेनवमीला घरच्यांना आत सोडलं होतं, मशिनींना झेंडूच्या माळा, प्रेसला हळदीकुंकू. त्या दिवशी त्यांनी मला ब्ल्यू मॅचिंग दाखवलं.

तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी लिहिते. डायचे दोन भाग एकमेकांवर चोख बसले पाहिजेत. ते बसतात की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून एका भागाला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, दुसरा त्यावर टेकवायचा आणि उचलायचा. जिथे निळं उमटलं तिथे उंचवटा आहे. तेवढाच घासायचा. पुन्हा निळं, पुन्हा टेकवणं, पुन्हा घासणं. वीसदा, तीसदा, कधी चार-चार दिवस. पहिल्या दाबाला कुठल्याही फिटरला कळत नाही की विसाव्या वेळी हे कसं बसेल. त्याला कळतं ते इतकंच, की आत्ता कुठे लागतंय.

मी विचारलं होतं, रंग जरा जास्त लावला तर लवकर दिसणार नाही का? ते म्हणाले, जाड लावलं तर सगळीकडेच उमटतं, मग काहीच कळत नाही.

हे वाक्य मी आयुष्यभर वापरलंय. काही माणसांना प्रत्येक गोष्टीत देवाचा इशारा दिसतो. मांजर आडवं गेलं, साहेब आज हसला नाही, चाकणच्या माणसाने फोन दुपारी बाराला केला. रंग जाड झालाय, दुसरं काय. तुमचंही त्या चार रात्रींत तेच झालं असणार, आणि आज 'देवाने मला थांबवलं कशाला' असं विचारताना पुन्हा तेच होतंय. कारखान्याने टूलरूम बंद केली कारण बाहेरून डाय करून घेणं त्यांना स्वस्त पडत असेल. त्या हिशेबात तुमची चिठ्ठी कुठेच नव्हती. आणि चाकणला सगळं सुरळीत झालं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? वाहनांचा धंदा मंदावला की तिथेही कंत्राटी पोरांना आधी घरी बसवतात, मग नव्याने आलेल्यांची पाळी. न पाहिलेल्या चाकणमध्ये तुम्ही रोज रात्री मनाने नोकरी करताय आणि तिथे तुमचा एकही दिवस वाईट जात नाही!

माझी श्रद्धा आहे, चांगली घट्ट आहे. पण देव मला पुढच्या वर्षीचा नकाशा देईल अशी ती नाही. मी हात चालवला की कुठे लागतंय ते तो दाखवतो, आणि घासायचं बळ देतो, इतपत. आपल्याकडे पुराच्या दिवसांत सगळं गाव गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं. त्याने गंगेचा, म्हणजे आपल्या गोदेचा, पूर कधी अडवलेला नाही, आणि अडवला नाही म्हणून कुणी त्याच्यावर रुसलेलं मी पाहिलं नाही. पाणी उतरायला लागलं की होळकर पुलावरून पहिली नजर जाते ती त्याच्याकडेच.

आता तुमच्या हातातल्या त्या कागदाबद्दल. हे पत्र छापून येईपर्यंत उशीर होईल म्हणून तुम्हाला मी आधीच कळवलंय, पण अंबड-सातपूरला असे कागद सध्या कितीतरी जणांच्या हातात असतील, म्हणून इथे लिहिते. 'स्वखुशीने' या शब्दावर सही करण्याआधी दहा वेळा विचार करा. तुम्ही राजीनामा दिलात तर तुम्ही गेलात. त्यांनी कमी केलं तर ती कामगार कपात, आणि तिचा कायदा वेगळा आहे. डाय फिटर हातांनी काम करतो, तो कामगारच. कपात करायची तर किमान महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. 14 वर्षांचे 210 दिवस, म्हणजे साधारण सात महिन्यांचा पगार. 'स्वखुशीने' लिहून दिलंत की ही रक्कम मागायची वाट जवळपास बंद होते. मालक राजीनाम्याच्या बदल्यात एवढीच किंवा जास्त रक्कम देत असतील तर गोष्ट वेगळी, पण मग ती रक्कम त्याच कागदावर लिहून घ्या.

ग्रॅच्युइटीचं मात्र दोन्हींत सारखंच. पाच वर्षं झाली की राजीनामा दिला तरी ती मिळते. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज 26 ने भागायची, 15 ने गुणायची, मग वर्षांनी गुणायचं. समजा तुमची बेरीज 26,000 आहे. तर दिवसाचे हजार, 15 दिवसांचे पंधरा हजार, 14 वर्षांचे 2,10,000. 30 दिवसांत मिळायला हवी. तुमच्या स्लिपवरचा आकडा घालून हिशेब करा आणि 'फुल अँड फायनल'च्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदाशी ताडून बघा. मी 27 वर्षं असे कागद केलेत. बेरजेत चूक झाली तर ती कामगाराच्या फायद्याची सहसा नसते. पीएफ मोडू नका, नव्या जागी वर्ग करा. वर्गणीची दहा वर्षं झाली असल्याने 58 व्या वर्षी पेन्शनचा तुमचा हक्क तयार झालाय, तो घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा. आणि अकराच्या अकरा जण एकत्र जा कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात. एकेकटे गेलात तर एकेकटे परत याल.

म्हणाल, मी देवाचं विचारलं आणि ताई 26 ने भागत बसल्या. टाकळीला समर्थांनी 12 वर्षं तप केलं. नंदिनी-गोदेच्या संगमावर सकाळपासून पाण्यात उभं राहून जप करायचा. पण दुपार झाली की ते पाण्यातून बाहेर येऊन माधुकरी मागायला पंचवटीत जायचे, असं परंपरा सांगते. ताटात पडेल कुठून याची सोय त्यांनी रामावर सोपवली नव्हती, रोज पायपीट केली होती. तुमचा कागद वाचणं, हिशेब तपासणं ही तुमची दुपार आहे.

हॉटेलबद्दल मी थोडक्यात सांगते. मिसळीच्या हॉटेलात पहाटे चारला उठून तर्री करणारा माणूस लागतो. मेव्हण्याला विचारा, तो माणूस कोण? 'ठेवू की एखादा आचारी' असं उत्तर आलं तर चहा पाजून बोळवण करा. नाशिकमध्ये मिसळ खाणारे जितके आहेत तितकेच विकणारेही झालेत. ग्रॅच्युइटी ही 14 वर्षांची झीज आहे, ती पहिल्याच डावाला लावू नका.

वर्कशॉपचं मला बरं वाटतं. नऊ हजारांचा फटका आहे, लहान नाही. दहावीचा क्लास, हप्ता असेल तर तो, सगळं ताणेल. पण तिथे तुमचा हात चालू राहील. बसून राहिलेल्या फिटरचा हात आणि मन दोन्ही गंजतात, हे मी टाळेबंदीत आठ महिने पाहिलंय. हो म्हणण्याआधी दोन दिवस तिथे जाऊन उभे राहा. मशिनी कोणत्या आहेत, ईडीएम (ठिणगीने धातू कोरायचं मशिन) चालू आहे की कोपऱ्यात कापड घालून ठेवलंय, पोरांचे पगार कितव्या तारखेला होतात हे गेटबाहेरच्या चहावाल्याला विचारा, त्याच्याकडे खातं असतं सगळ्यांचं. आणि मालकाशी बोलताना 25 वर लगेच मान डोलवू नका. सहा महिन्यांनी काम बघून वाढवायचं, हे आधी ठरवा. संध्याकाळी डाय डिझाइनचं कॉम्प्युटरवरचं शिकता आलं तर शिका. 43 म्हणजे काही म्हातारपण नव्हे.

तुमच्या मित्राचं मन चांगलं असेल. नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी, त्याला खर्च आहे आणि तुमचा पगार थांबतोय. मनापासून करावासा वाटला तर घडी बसल्यावर, कमाईतून करा. भीतीपोटी आणि ग्रॅच्युइटीतून नको. टूलरूम बंद पडली ती अकरा जणांची. अकरा घराण्यांत एकाच महिन्यात दोष निघाला का, हे त्या मित्राला जरूर विचारा. विचारताना हसू नका म्हणजे झालं.

आणि दिवा लावताना येणारा राग. तो लपवून दिवा लावू नका, रागासकट लावा. जनाबाईने विठोबाला काय काय सुनावलंय ते आपण पिढ्यान्‌पिढ्या गातो, तिला कुणी देवघराबाहेर काढलं नाही. ज्याच्यावर माणूस चिडतो त्याच्याशी त्याचं अजून बोलणं आहे. मला काळजी वाटली असती ती तुम्ही दिवा लावायचाच थांबला असतात तर.

पुन्हा चिठ्ठ्या मात्र टाकू नका. ठरवा तुम्ही आणि वहिनी मिळून. पत्रात वहिनींचा एकही शब्द नाही, ही माझी तक्रार समजा. ठरलं की देवापुढे नारळ ठेवा आणि सांगा, असं असं ठरवलंय, सांभाळून घे.

महिनाअखेरीला तुमची हत्यारांची पेटी घरी येईल. कानशी, मायक्रोमीटर, जे तुमचं स्वतःचं असेल ते. ती माळ्यावर टाकू नका. एखाद्या रविवारी मुलीला शेजारी बसवा, पेटी उघडा, दोन सपाट तुकडे घ्या आणि तिला ब्ल्यू मॅचिंग करायला द्या. पहिल्या वेळी ती रंग जाड लावेल. लावू द्या. मग पुसून पातळ लावायला सांगा आणि कुठे उमटलं ते तिलाच दाखवू द्या. चिठ्ठीचं बोलणं तिथेच निघेल, वेगळी बैठक नको. तिची बोटं निळी होतील. साबणाने जात नाहीत, रॉकेलचा बोळा जवळ ठेवा.

– ताई